नळीवरचा हातमोजा

वेसिला वस्ती, हॉल
रविवार, १९ सप्टेंबर २००४
(सभेत वाचून दाखवलेलं पत्र. एक प्रत परीक्षक श्रीमती आउने साल्मेला यांना टपालानं.)

कोर्पी लेकच्या उत्तरेला सापळे लावणाऱ्या माझ्या भावांनो,

तुम्हाला बंदूक धरता येत नाही. मला येत नाही, तुम्हाला येत नाही, आणि आपल्याला शिकवणारे आपले बाप, ज्यांनी या जंगलात पहिली झोपडी बांधली, त्यांनाही येत नव्हती. हे मी म्हणत नाही. हे थंडर बे शहरातल्या सरकारी कार्यालयातला एक छापील कागद म्हणतो, आणि त्याच्याखाली माझ्याच धाकट्या भावाच्या विधवेची सही आहे.

माझा उजवा खांदा आता वर जात नाही, हे तुम्हाला माहीत आहे. रायफल खांद्याला लागत नाही. मग सापळ्यातला लांडगा मी शिव्या घालून मारायचा का? कमरेला पिस्तूल हवं. लांब बंदुकीचा परवाना माझ्या खिशात आहे, पण पिस्तुलाला वरच्या वर्गाचा परवाना लागतो, त्याला वेगळी सुरक्षा-शिकवणी, वेगळी लेखी परीक्षा, वेगळी हाताळणीची परीक्षा. दोन्हीत शंभरात ऐंशी गुण हवेत. गेल्या हिवाळ्यात माझी सापळ्यांची वाट रिकामी राहिली. याही हिवाळ्यात राहिली तर सरकार ती काढून दुसऱ्याला देईल. बेचाळीस वर्षं मी चाललेली वाट!

शिकवणीला न बसता थेट परीक्षा देता येते, म्हणून दिली. लेखीत मला अठ्ठ्याण्णव. हाताळणीत? एकसष्ट. ऐका कसे ते. मी पिस्तूल उघडलं, रिकामं दाखवलं, टेबलावर ठेवलं. कॉफी झाली. परत येऊन उचललं.

परीक्षक बाई म्हणाल्या, "उघडून दाखवा."

"आत्ता तर दाखवलं की. मीच ठेवलंय इथं."

"ते मघाशी. आत्ता आत काय आहे?"

"काय असणार? तुझी कॉफी?"

आपला ऑलावी हॉलच्या चुलीत लाकूड घालत होता, तो मोठ्यानं हसला. बाईंनी कागदावर फुली मारली.

भावांनो, याच हॉलमध्ये आपल्या आज्यांनी खाणमालकांविरुद्ध भाषणं केली. मागच्या कपाटातलं एकेक पुस्तक मी वाचलंय, आणि प्रत्येकात एकच गोष्ट सापडली: माणसाच्या हातातलं काम काढून घ्यायचं असेल, तर आधी त्याला सांगायचं की ते तुला येत नाही. ही परीक्षक बदला आणि परीक्षेचा अधिकार आपल्या संघटनेकडे द्या, असा अर्ज मी टेबलावर ठेवला आहे. चोवीस ऑक्टोबरच्या सभेत त्यावर मत होईल. ज्याला बंदूक धरता येते त्यानं सही करावी.

रेइनो साल्मेला


वेसिला वस्ती
२७ सप्टेंबर २००४

श्री. रेइनो साल्मेला यांस,

तुमच्या भाषणाची प्रत पोचली. भाषण चांगलं आहे. त्यातून दोन गोष्टी गळाल्या आहेत, त्या मी भरते.

पहिली. तुम्ही कॉफीला गेलात तेव्हा मी त्या पिस्तुलात एक काडतूस घातलं होतं. बिनदारूचं, शिकवणीचं. आत काय आहे असं मी विचारलं तेव्हा आत ते होतं. नंतर मी ते काढून तुमच्या तळहातावर ठेवलं. तुम्ही ते माझ्या गोड पुल्ला-पावाच्या ताटलीत टाकलंत आणि दार आपटून गेलात. हे सभेला सांगितलं नाहीत.

दुसरी. ऑलावी हसत होता तेव्हा नळीचं तोंड त्याच्या पोटावर होतं. तुमचं बोट चापावर होतं. त्यालाही हे माहीत नाही, नाहीतर इतकं हसला नसता.

शिकवणीत मी जे शिकवते ते एका दमात सांगता येतं. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं धरा, तोंड माणसावरून नेऊ नका, बोट बाहेर ठेवा, आणि हातात घेतल्याबरोबर उघडून स्वतः बघा. दर वेळी. मघाशी बघितलेलं धरत नाहीत. माझा नवरा बघत नसे. हे तुम्हीच पोलिसांना सांगितलंत, या हॉलमध्येही सांगितलंत, की तौनो पहिल्यापासून बेफिकीर होता. एकोणीस वर्षं मी प्रत्येक शिकवणीत फळ्यासमोर उभी राहून माझ्या नवऱ्याची चूक सांगते. मला ते आवडत असेल असं वाटतं का तुम्हाला?

पुढची परीक्षा सहा नोव्हेंबरला. आधीचे दोन दिवस शिकवणी. पहिल्या बाकावर जागा आहे.

आउने साल्मेला


कोर्पी लेक
४ ऑक्टोबर २००४

आउने,

म्हणजे तू माणसाच्या पाठीमागे त्याच्या बंदुकीत काडतूस घालतेस. आणि हे स्वतःच्या हातानं लिहून पाठवतेस! बाई, जंगलात असं कुणी केलं असतं तर त्याला त्याच दिवशी लांबच्या रस्त्यानं चालत गावात पाठवलं असतं. दुसऱ्यानं ठेवलेल्या बंदुकीला तिसरा हात लावत नाही. तुझी सगळी शिकवणी लबाड माणसांसाठी आहे. आम्ही लबाड नव्हतो, म्हणून आम्हाला तिची गरज पडली नाही.

तू कधी हिवाळी झोपडीवर आली नाहीस, तेव्हा ऐक. बंदूक उबेत आणायची नाही. आत आणली की लोखंडाला घाम फुटतो, बाहेर नेली की तो घाम गोठतो आणि लांडगा समोर असताना चाप हलत नाही. म्हणून ती थंड पडवीत उभी राहते. जो शेवटी आत येतो तो ती ठेवतो. रिकामी असेल तर नळी उघडी. भरलेली ठेवली असेल तर आपला डावा हातमोजा नळीवर चढवायचा. बस्स. सकाळी जो उठेल त्यानं पडवीत पाऊल टाकताच कळतं. मोजा आहे, भरलेली. मोजा नाही, रिकामी. वाचता न येणाऱ्यालाही समजतं, काळोखात हात फिरवून समजतं. तुझ्या पुस्तकाला शंभर पानं लागतात, आमच्या बापाला एक हातमोजा लागला.

तौनोचं नाव तू काढलंस म्हणून बोलतो. त्यानं बर्फातल्या घसरगाडीवरची बंदूक नळीला धरून आपल्याकडे ओढली. बंदुकीचा घोडा गाडीच्या दोरीत अडकला आणि गोळी सुटली. असं दहा वर्षांचं पोरही करत नाही. मी खोटं बोललो नाही आणि तू माझ्यावर रागवून तो जिवंत होणार नाही. एका बेफिकीर माणसाचा सूड तू साऱ्या जिल्ह्यावर उगवते आहेस. बासष्ट सह्या झाल्या.

रेइनो


वेसिला वस्ती
८ ऑक्टोबर २००४

भावजी,

तीन गोष्टी विचारते. भांडण बाजूला ठेवून उत्तर द्या.

हातमोज्याचा हा नियम १९८५ साली होता का? तौनो तो पाळत असे का? तुम्ही दोघांत एकच रायफल वापरत होतात, हे खरं का?

आउने


कोर्पी लेक
१३ ऑक्टोबर २००४

आउने,

"भावजी"! एकोणीस वर्षांनी शब्द आठवला. बासष्ट सह्यांचं वजन कळलेलं दिसतंय. ठीक आहे, मी मनानं लहान नाही, शिकायला विचारतेस तर सांगतो. तुझ्या फळ्यावर लिही हवं तर.

नियम बापाचा. एकोणीसशे एकावन्नपासूनचा, मी तेरा वर्षांचा होतो. ८५ सालीही तोच, आजही तोच. तौनो पाळायचा का? तौनो या बाबतीत माझ्यापेक्षा कडक होता. एकदा बर्फात माझा मोजा नळीवरून गळून पडला, तर त्यानं दोन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं. म्हणाला, "दादा, मी डोळ्यांनी बंदूक बघत नाही, तुझा मोजा बघतो. तो पडला तर माझे डोळे पडले." असं बोलायचा. बाकी साऱ्यात ढिला, कपडे कुठे टाकेल, चहाचा डबा कुठे ठेवेल, पत्ता नसायचा. मोज्याच्या बाबतीत मात्र देवळातल्यासारखा.

रायफल एकच. बापाची, खालची लिव्हर मारली की एकेक काडतूस बाहेर टाकणारी. दुसरी घ्यायला पैसे कुठे होते?

आता तरी पटलं ना की आमच्याकडे शिस्त होती? चोवीस तारखेला तू स्वतः उभी राहून सांग की परीक्षेचा अधिकार संघटनेकडे जावा. मी टाळ्या वाजवीन. तुझ्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही.

रेइनो


वेसिला वस्ती
१७ ऑक्टोबर २००४

भावजी,

मी तेव्हा झोपडीवर आले नव्हते. बायका येत नसत. मोज्याचं मला कुणी कधी सांगितलं नाही. तौनो घरी फार बोलायचा नाही आणि घरी बंदूकच नसायची. तुमच्या चार तारखेच्या पत्रात मी ते पहिल्यांदा वाचलं. नंतर माळ्यावरची पेटी उतरवली.

त्यात मृत्यू-चौकशीचे कागद आहेत. बारा नोव्हेंबर १९८५. तुमचा जबाब, तुमच्या सहीचा. जसाच्या तसा लिहिते:

"आदल्या संध्याकाळी मी शेवटी आत आलो. बंदूक माझ्या खांद्यावर होती, ती पडवीत ठेवली. बीव्हरचा सापळा पाण्यातून काढताना हात कोपरापर्यंत भिजले होते. दोन्ही हातमोजे चुलीवरच्या तारेला वाळत घातले आणि झोपलो. सकाळी तौनो माझ्याआधी उठला. त्यानं बंदूक घसरगाडीवर ठेवली. मी आवाज ऐकून बाहेर आलो."

त्याच्याखाली पोलिसानं झोपडीतल्या वस्तूंची यादी केली आहे. नववी ओळ: चुलीवर तारेला लोकरी हातमोजे, एक जोडी, अजून दमट.

एक जोडी, भावजी. दोन्ही.

एकोणीस वर्षं हा कागद माझ्याकडे होता आणि मला तो वाचता येत नव्हता. शहरातल्या अधिकाऱ्यालाही वाचता आला नाही. त्याला ओले मोजे दिसले, तो पुढे गेला. वाचायची किल्ली तुमच्याकडे होती, आणि तुम्ही ती माझ्या तोंडावर फेकलीत, फुशारकी म्हणून.

तौनो पडवीत आला. त्यानं नळीकडे बघितलं. मोजा नव्हता. तुमच्या बापाच्या नियमानं ती रिकामी होती, आणि तो नियम पाळण्यात तो तुमच्यापेक्षा कडक होता, हे तुम्हीच लिहिलंय. त्यानं बघितलं होतं. जसं बघायला तुम्ही त्याला शिकवलंत तसं.

नळीला धरून ओढली, ही चूक त्याची. ती मी लपवणार नाही, यापुढेही शिकवीन. पण रिकाम्या बंदुकीचा घोडा दोरीत अडकला तर खट् असा आवाज होतो, दुसरं काही होत नाही. आतलं काडतूस तुमचं होतं. चुका दोन होत्या. एक मी फळ्यावर लिहिली, माझ्या माणसाच्या नावानं, साडेचारशे लोकांपुढे. दुसरी तुम्ही खिशात घालून फिरलात आणि वर त्याला बेफिकीर म्हणालात.

मी काडतूस का घातलं ते आता कळलं का? तुमचा नियम एका माणसाला दुसऱ्याच्या आठवणीवर जगायला लावतो. आठवण ओली होते, थकते, झोपते.

रविवारी सभा दोन वाजता आहे. तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर तुमचं पत्र आणि तुमचा जबाब, दोन्ही मी वाचीन. त्यानंतर तुमच्या बासष्ट माणसांनी खुशाल मला काढावं.

आउने


कोर्पी लेक
२१ ऑक्टोबर २००४
(ऑलावीच्या हाती, बंद पाकिटातून)

आउने,

जबाब माझा असला तरी शब्द पोलिसाचे आहेत. एका ओल्या मोज्यावरून तू मला खुनी ठरवते आहेस. त्या दिवशी उणे अठ्ठावीस होतं. माझी बोटं लाकडासारखी झाली होती. तू कधी तसल्या थंडीत सापळा काढलायस? उबदार हॉलमध्ये फळ्यापुढे उभं राहून बोलणं सोपं असतं. मी लिव्हर मारली होती. दोनदा मारली होती असं मला आठवतं. तीनदा मारायला हवी होती की काय, ते अंधारात कळलं नाही. काडतूस बाहेर पडल्याचा आवाज आला होता असं वाटतं. बर्फात आवाज येत नाही.

आईला हे कळलं असतं तर ती त्याच आठवड्यात गेली असती. तिच्यासाठी मी गप्प बसलो. नंतर गप्प बसण्याची सवय झाली, आणि सवयीला लोक माझा स्वभाव म्हणू लागले.

तुला माझी वाट काढून घ्यायची आहे ना? घे. पण हॉलमध्ये वाचू नकोस. हे पत्र जाळ.

रेइनो


वेसिला वस्ती
२२ ऑक्टोबर २००४

भावजी,

जाळलं नाही.

तुमची वाट मला नको आहे. मी तुम्हाला कधीही क्षमा करणार नाही, तेव्हा तुम्ही ती मागायचे कष्ट घेऊ नका. मला माझ्या नवऱ्याचं नाव परत हवं आहे, तुम्ही जिथे घेतलंत त्याच हॉलमध्ये, तुमच्याच आवाजात. आवाज तुमचा मोठा आहे.

रविवारी दोन वाजता.

आउने


वेसिला वस्ती, हॉल
रविवार, २४ ऑक्टोबर २००४
(सभेत वाचून दाखवलेलं पत्र; ऐनवेळी तोंडी घातलेली वाक्यंही टिपून घेतली आहेत)

कोर्पी लेकच्या उत्तरेला सापळे लावणाऱ्या माझ्या भावांनो,

गेल्या महिन्यात इथंच उभा राहून मी म्हणालो की आपल्याला बंदूक धरता येत नाही असं सरकार म्हणतं. तुम्ही हसलात, टेबलं वाजवलीत, बासष्ट जणांनी सही केली. आज तेच वाक्य मी सरकारला मध्ये न घेता म्हणतो. मला बंदूक धरता येत नाही. अकरा नोव्हेंबर १९८५ च्या संध्याकाळीही येत नव्हती.

त्या संध्याकाळी मी आपली रायफल पडवीत ठेवली. आत काडतूस होतं. माझे मोजे भिजले होते म्हणून ते मी चुलीवर टांगले आणि नळी उघडी राहिली. सकाळी माझा भाऊ तौनो बाहेर गेला, त्यानं उघडी नळी बघितली आणि माझ्यावर विश्वास ठेवला. तुम्ही त्याला बेफिकीर म्हणून ओळखता. ती ओळख मी करून दिली. तो बेफिकीर नव्हता. बेफिकीर माणूस तुमच्यापुढे उभा आहे, आणि त्यानं या हॉलच्या कपाटातली सगळी पुस्तकं वाचली आहेत.

आउने तिथं दाराजवळ बसली आहे. तिच्याकडे बघून मान हलवू नका, तिला तुमची दया नको आहे, माझी तर नकोच. आम्ही दोघं एकमेकांना सहन करू शकत नाही आणि आजच्यानंतरही करणार नाही. ती सहा नोव्हेंबरला माझी परीक्षा घेईल. अर्धा गुण जास्त देणार नाही, आणि दिलाच तर मी घेणार नाही. त्याआधीचे दोन दिवस मी पहिल्या बाकावर बसेन. नापास झालो तर माझी वाट जाईल. जाऊ दे, ज्याला मिळेल तो तरी उघडून बघणारा असो. अर्ज मी मागे घेतला आहे.

ऑलावी, हसू नकोस. माझ्या बोटाखाली चाप होता आणि नळीपुढे तुझं पोट होतं. तेव्हाही तू असाच हसत होतास.

कायद्याबद्दलचा माझा राग गेलेला नाही. शहरातले कागद मला आजही आवडत नाहीत. पण एक गोष्ट त्या कागदात आहे जी आपल्या बापांच्या नियमात नव्हती: दुसऱ्याच्या शब्दावर बंदूक उचलायची नाही. भावाच्या नाही, बापाच्या नाही, स्वतःच्या मघाच्या शब्दावरही नाही. आपण बापांचा मान राखला आणि माझा भाऊ गेला. तुमच्यातल्या कुणाचे मोजे आजवर भिजले नाहीत का? कुणी थकून आत आलं नाही? शपथेवर सांगा.

मूस हरणांच्या शिकारीचा हंगाम आहे. येताना तुम्ही आपापल्या बंदुका बाहेर हॉलच्या पडवीत ठेवल्यात, मीही ठेवली. खांदा वर जात नाही तरी सवयीनं घेऊन आलो. आत येण्याआधी मी मोजल्या. सतरा आहेत. तीन बंदुकांवर हातमोजा आहे, चौदा उघड्या. माझी उघड्यांपैकी होती. ती रिकामी आहे हे मला पक्कं माहीत होतं. मी ती उघडली.

हे बघा. माझ्या हातात काय आहे ते मागच्यांनाही दिसू दे. तिच्यातून निघालेलं हे काडतूस बिनदारूचं नाही.

अजून तेरा उघड्या नळ्या आहेत तिथं. आता मत द्यायचं नाही, बोलायचं नाही, टाळ्या तर नाहीतच. उठा. एकेक जण पडवीत जा, आपली बंदूक भिंतीकडे धरा, उघडा, आणि आत करंगळी घालून बघा.